सरकार बदलले की फिर्यादीही बदलतो

चेन्नई : विरुधुनगर जिल्ह्यातील श्रीविल्लिपुत्तूर हे गाव आंडाळच्या मंदिरासाठी आणि तिथल्या खव्यासाठी तमिळनाडूभर प्रसिद्ध आहे. राज्याच्या राजकीय भ्रष्टाचाराच्या इतिहासात मात्र या गावाचे नाव तिथल्या सत्र न्यायालयाच्या दोन आदेशांमुळे राहील. डिसेंबर २०२२ मध्ये या न्यायालयाने द्रमुकचे मंत्री तंगम तेन्नरसू यांना आणि जुलै २०२३ मध्ये त्यांचे सहकारी मंत्री के. के. एस. एस. आर. रामचंद्रन यांना बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यांतून दोषमुक्त केले. आरोप २००६ ते २०११ या काळातील होते. रकमाही कोटींच्या नव्हत्या, लाखांच्या होत्या. दक्षिणेतल्या राजकारणाच्या मानाने किरकोळच म्हणायच्या. पण दोषमुक्ती ज्या रीतीने पदरात पडली ती रीत मुळीच किरकोळ नव्हती.

या दोन्ही प्रकरणांत दोषारोपपत्र ठेवले होते ते राज्याच्या दक्षता आणि लाचलुचपत प्रतिबंधक संचालनालयाने, अण्णाद्रमुक सत्तेवर असताना. मे २०२१ मध्ये द्रमुक सत्तेवर आला, तेव्हा याच संचालनालयाला आपल्या जुन्या तपासात उणिवा दिसू लागल्या. 'पुढील तपास' करण्यात आला आणि त्याअखेरीस आरोपींनी दिलेला हिशेब बरोबर असल्याचा अहवाल न्यायालयात दाखल झाला. म्हणजे जी संस्था दहा वर्षे 'हे दोषी आहेत' असे सांगत होती, तीच आता 'यांच्याविरुद्ध काही नाही' असे सांगू लागली. फिर्यादीनेच हात वर केल्यावर न्यायालयाने तरी काय करावे, असा प्रश्न श्रीविल्लिपुत्तूरच्या न्यायाधीशांना पडला असेल तर नवल नाही. या आदेशांविरुद्ध अपील करावे असे अर्थातच संचालनालयाला वाटले नाही.

ते काम ऑगस्ट २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद व्यंकटेश यांनी स्वतःहून हाती घेतले. कोणीही याचिका केलेली नसताना त्यांनी अशी प्रकरणे एकेक करून बाहेर काढली. त्यांतले पहिले होते उच्चशिक्षणमंत्री के. पोनमुडी यांचे. विळुप्पुरमच्या न्यायालयात चाललेला त्यांचा खटला केवळ एका प्रशासकीय आदेशाने वेल्लोरला हलवण्यात आला होता. तिथे १७२ साक्षीदारांचे जबाब आणि ३८१ कागदपत्रे असलेल्या या खटल्याचे २२६ पानी निकालपत्र अवघ्या चार दिवसांत तयार झाले, मंत्री निर्दोष ठरले आणि दोनच दिवसांनी न्यायाधीश सेवानिवृत्त झाले. या स्वयंस्फूर्त कारवाईविरुद्ध पोनमुडी सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी हस्तक्षेपास नकार देऊन, असे न्यायाधीश आपल्याला लाभले याबद्दल देवाचेच आभार मानले. पोनमुडी यांचा दुसराही एक खटला होता. त्यात खालच्या न्यायालयाने दिलेली निर्दोषता उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये रद्द करून त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि पोनमुडी पुन्हा मंत्रिमंडळात परतले.

हा केवळ द्रमुकचा दोष, असा समज कोणी करून घेण्याचे कारण नाही. न्या. व्यंकटेश यांनी उघडलेल्या प्रकरणांत अण्णाद्रमुकचे ओ. पन्नीरसेल्वम यांचेही प्रकरण होते, आणि त्याची जातकुळी अगदी तीच होती. त्यांच्यावरील गुन्हा २००६ साली, द्रमुकच्या राजवटीत नोंदवला गेला. २०११ साली जयललिता पुन्हा मुख्यमंत्री झाल्या, पन्नीरसेल्वम मंत्री झाले आणि २०१२ साली शिवगंगा येथील न्यायालयातून त्यांच्यावरील खटला मागे घेण्यात आला. अण्णाद्रमुकच्याच बी. वळरमती यांचीही त्याच वर्षी सुटका झाली. युक्ती एका पक्षाने शोधली, दुसऱ्याने ती सुधारून वापरली. एरवी विधानसभेत एकमेकांचे तोंडही न पाहणाऱ्या या दोन पक्षांत याबाबतीत जितकी एकवाक्यता आहे तितकी कावेरीच्या पाण्याबाबतही दिसत नाही.

तमिळनाडूत भ्रष्टाचारविरोधी कायद्यांची वानवा कधीच नव्हती. केंद्रीय दक्षता आयोगाची कल्पना ज्यांच्या समितीच्या शिफारशींतून १९६४ साली साकार झाली ते के. संतानम हे तमिळच होते. राज्याचे दक्षता संचालनालयही १९६४ सालचे. त्यानंतरच्या दशकात तर तत्कालीन मद्रास हे या विषयातील प्रयोगशाळाच बनले. १९७२ साली एम. जी. रामचंद्रन द्रमुकमधून बाहेर पडले ते पक्षनेत्यांच्या मालमत्तेचा हिशेब मागत. आणि करुणानिधी सरकारविरुद्धचे आरोपांचे निवेदन घेऊन ते राष्ट्रपतींकडे गेले. त्याला उत्तर म्हणून की काय, करुणानिधी सरकारने १९७३ साली लोकप्रतिनिधींच्या गैरवर्तनासाठी स्वतंत्र कायदाच केला. मंत्री, आमदार, स्थानिक संस्थांचे पदाधिकारी यांना लागू होणारा हा कायदा मे १९७४ मध्ये अमलात आला. देशात असे धाडस तोवर फार थोड्यांनी केले होते.

जानेवारी १९७६ मध्ये आणीबाणीत केंद्राने करुणानिधी सरकार बरखास्त केले आणि न्या. रणजितसिंग सरकारिया यांचा चौकशी आयोग नेमला. १९७७ च्या जूनअखेर रामचंद्रन मुख्यमंत्री झाले. भ्रष्टाचाराच्याच प्रश्नावर ज्यांनी नवा पक्ष काढला, त्यांच्या कारकिर्दीत हा कायदा अधिक धारदार व्हावा अशी अपेक्षा करणाऱ्यांना वेगळेच पाहायला मिळाले. ६ सप्टेंबर १९७७ रोजी तो कायदा रद्द करण्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. करुणानिधींनी आपल्यावरील खटल्याला आव्हान देताना हाच रद्द झालेला कायदा ढाल म्हणून पुढे केला. फेब्रुवारी १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ढाल नाकारली आणि मुख्यमंत्री हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या अर्थाने लोकसेवकच होय, असा निर्वाळा दिला. देशभरच्या मुख्यमंत्र्यांना आज हा कायदा लागू होतो तो या मद्रासी खटल्यामुळे. पण त्या खटल्याचे पुढे काय झाले? ज्या काँग्रेसने सरकार बरखास्त केले होते, तिच्याशीच द्रमुकने १९८० साली युती केली आणि सरकारिया प्रकरणांतून कोणालाही शिक्षा झाली नाही. तत्त्व तेवढे राहिले, आरोपी सुटले.

या पार्श्वभूमीवर जयललिता यांच्या बेहिशेबी मालमत्तेचा खटला हा तमिळनाडूचा सर्वांत बोलका धडा आहे, आणि त्यातला मर्मभाग निकालात नसून खटला चेन्नईहून बंगळुरूला का न्यावा लागला यात आहे.

जून १९९६ मध्ये सुब्रह्मण्यम स्वामी यांनी तक्रार केली. १ जुलै १९९१ ते ३० एप्रिल १९९६ या काळात मासिक एक रुपया वेतन घेणाऱ्या मुख्यमंत्र्यांनी आणि त्यांच्या तीन निकटवर्तीयांनी ६६ कोटी ६५ लाख रुपयांची मालमत्ता ज्ञात उत्पन्नाबाहेर जमवली, हा आरोप. चेन्नईच्या विशेष न्यायालयात ऑगस्ट २००० पर्यंत सुमारे अडीचशे साक्षीदार तपासून झाले होते आणि खटला शेवटच्या टप्प्यात होता. मे २००१ मध्ये जयललिता पुन्हा सत्तेवर आल्या. तान्सी जमीन प्रकरणात शिक्षा झालेली असताना मुख्यमंत्री होणे घटनाबाह्य असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात त्यांची नियुक्ती रद्द केली. डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्यांना तान्सी प्रकरणी निर्दोष ठरवले आणि मार्च २००२ मध्ये त्या पुन्हा मुख्यमंत्रिपदी बसल्या. एव्हाना मालमत्ता खटल्यातील सरकारी वकील म्हणजे आरोपी क्रमांक एकच्याच सरकारचे वकील झाले होते.

मग जे घडले ते नाट्यपूर्ण मुळीच नव्हते. सारे अर्ज-विनंत्यांच्या शांत भाषेत घडले. ज्यांची साक्ष आणि उलटतपासणी होऊन गेली होती अशा ७६ साक्षीदारांना पुन्हा बोलावण्याचा अर्ज बचाव पक्षाने केला. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही. त्यांपैकी ६४ जणांनी आपली आधीची साक्ष फिरवली. त्यांना फितूर घोषित करण्याची मागणी सरकारी वकिलांनी केली नाही, की खोट्या साक्षीबद्दल कारवाई सुचवली नाही. आरोपीने न्यायालयात स्वतः उभे राहून द्यावयाच्या जबाबातूनही मुख्यमंत्र्यांना सूट मिळाली. प्रश्नावली त्यांच्या निवासस्थानी पाठवून उत्तरे मागवण्यात आली. या सर्व प्रकारात कायद्याचे कोणतेही कलम उघडपणे मोडले गेले नव्हते. ज्याने हरकत घ्यायची तो गप्प बसला होता, एवढेच.

द्रमुकचे सरचिटणीस के. अन्बळगन यांच्या अर्जावर १८ नोव्हेंबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा खटला कर्नाटकात हलवला. सरकारी वकीलही कर्नाटक सरकारने, तिथल्या मुख्य न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नेमायचा होता. या आदेशाचे खरे महत्त्व इथे आहे. न्यायाधीश बदलण्यापेक्षा फिर्यादी बदलणे अधिक निकडीचे आहे, हे त्यात मान्य झाले. परिणामही दिसला. चेन्नईत ज्यांना प्रश्नावली घरपोच मिळाली होती, त्यांनाच ऑक्टोबर-नोव्हेंबर २०११ मध्ये मुख्यमंत्रिपदावर असताना बंगळुरूच्या न्यायालयात हजर राहून १,३३९ प्रश्नांना सामोरे जावे लागले. २७ सप्टेंबर २०१४ रोजी न्या. जॉन मायकेल डिकुन्हा यांनी चार वर्षांचा कारावास आणि शंभर कोटींचा दंड सुनावला.

पण तमिळनाडूचा हात खटल्यातून पुरता सुटला नव्हता. कर्नाटक उच्च न्यायालयातील अपिलात भवानी सिंग यांना सरकारी वकील म्हणून नेमले ते तमिळनाडू सरकारने. एप्रिल २०१५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने ही नेमणूक अवैध ठरवली, तेव्हा सुनावणी संपलेली होती. कर्नाटकच्या वाट्याला आले ते केवळ लेखी निवेदन, तेही जवळजवळ एका दिवसाच्या मुदतीत. ११ मे २०१५ रोजी सर्व आरोपी निर्दोष सुटले.

निकालपत्रातील आकडे या पानाच्या वाचकांपैकी ज्यांनी शासकीय अंदाजपत्रके हाताळली आहेत त्यांनी मुद्दाम पाहावेत. बांधकामांचा खर्च तपास यंत्रणेच्या मते २७ कोटी ७९ लाख होता. उच्च न्यायालयाने तो ५ कोटी १० लाख धरला. मानसपुत्राच्या लग्नाचा खर्च तपास यंत्रणेने ६ कोटी ४५ लाख सांगितला होता, खालच्या न्यायालयाने ३ कोटी धरला होता. तो उच्च न्यायालयात २८ लाख ६८ हजारांवर आला. आणि कर्जाच्या दहा रकमांची बेरीज, जी १० कोटी ६७ लाख यायला हवी, ती २४ कोटी १७ लाख छापली गेली. या साडेतेरा कोटींच्या चुकीमुळे बेहिशेबी मालमत्तेचे प्रमाण ८.१२ टक्क्यांवर उतरले आणि दहा टक्क्यांपर्यंतची तफावत क्षम्य मानणाऱ्या जुन्या न्यायनिर्णयाचा लाभ आरोपींना मिळाला. बेरीज दुरुस्त केली असती तर हे प्रमाण ७६ टक्क्यांच्या वर जात होते. तहसील कार्यालयातल्या अव्वल कारकुनाने अशी बेरीज केली असती तर त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली असती.

सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०१७ रोजी डिकुन्हा यांचा निकाल पुन्हा प्रस्थापित केला. तोवर जयललिता हयात नव्हत्या. ५ डिसेंबर २०१६ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले होते, आणि त्यामुळे त्यांच्यापुरता खटला संपुष्टात आला. शशिकला व इतर दोघे तुरुंगात गेले. तक्रारीपासून अंतिम निकालापर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यात जयललिता तीन वेळा निवडणूक जिंकल्या.

महाराष्ट्रातून इथे आलेल्या वाचकांना हे परके वाटण्याचे कारण नाही. सिंचन प्रकल्पांतील गैरव्यवहाराबाबत नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात प्रतिज्ञापत्र देऊन तत्कालीन जलसंपदामंत्री म्हणून अजित पवार यांच्यावर जबाबदारी टाकली होती. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे पवार उपमुख्यमंत्री झाले आणि दोनच दिवसांनी नऊ प्रकरणांच्या फायली बंद झाल्या. त्या पवारांशी संबंधित नाहीत, असा खुलासा विभागाने केला. ते सरकार पडले, दुसरे आले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याच विभागाने त्याच न्यायालयात पवारांवर फौजदारी उत्तरदायित्व येत नसल्याचे प्रतिज्ञापत्र दिले. वर्षभरात कालव्यांच्या निविदा बदलल्या नव्हत्या. श्रीविल्लिपुत्तूर आणि नागपूर यांच्यातले अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे. कार्यपद्धतीतले अंतर मात्र शोधावे लागते.

लोकायुक्ताच्या बाबतीत महाराष्ट्राने आघाडी घेतली होती हे खरे. १९७१ सालच्या कायद्याने हे पद प्रत्यक्षात आणणारे ते पहिले राज्य. पण ते लोकायुक्त शिफारस करण्यापलीकडे फारसे जाऊ शकले नाहीत. मुख्यमंत्र्यांना कक्षेत आणणारे नवे विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने त्यानंतर वर्षभराने संमत केले. त्यातही मुख्यमंत्र्यांच्या चौकशीसाठी विधानसभेच्या दोनतृतीयांश सदस्यांची मान्यता आवश्यक ठेवली. ज्याच्या मागे बहुमत आहे त्याची चौकशी बहुमताने ठरवायची, हा विनोद विधिमंडळात कोणाला हसू न येता पार पडला. तमिळनाडूने तर सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर जुलै २०१८ मध्ये लोकायुक्त कायदा केला. बदल्या, नेमणुका आणि कंत्राटांशी संबंधित कित्येक बाबी त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्याचा आक्षेप द्रमुकने तेव्हा विरोधी बाकांवरून घेतला होता. पुढे २०२१ साली सत्ता आल्यावर या आक्षेपाची तीव्रता ओसरली.

सुधारणा निष्फळ का ठरतात, याचे उत्तर कायद्याच्या उणिवेत कमी आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या पळवाटेत अधिक सापडते. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की आजी-माजी खासदार-आमदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत. पुढचा दरवाजा असा बंद झाला. म्हणून खटला 'मागे घेण्या'ऐवजी 'पुढील तपास' करून तो आतूनच पोकळ करण्याची वाट वापरली गेली. संचालनालयाचे काम लोकांना कळावे तर २००८ साली राज्य सरकारने त्याला माहितीच्या अधिकारातून वगळले. भ्रष्टाचाराची माहिती अशी वगळता येत नाही, असे मूळ कायद्यातच म्हटलेले असताना हे झाले. २०१८ च्या दुरुस्तीने तर अधिकाऱ्यांच्या निर्णयांचा तपास सुरू करण्यासाठीही सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक केली. प्रामाणिक अधिकाऱ्याला सूडापासून संरक्षण हा त्यामागचा हेतू अगदीच अनाठायी नाही. सरकार बदलताच आधीच्या सरकारच्या मर्जीतल्या सचिवांच्या फायली उघडल्या जातात, हे चेन्नईच्या सचिवालयात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परंतु परवानगीची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्याच निर्णयांवर संशय असतो तेव्हा काय?

मग केंद्रीय यंत्रणा आणाव्यात, असे सुचवणारे पुष्कळ आहेत. त्यांचा अनुभवही फारसा आश्वासक नाही. १४ जून २०२३ रोजी सक्तवसुली संचालनालयाने मंत्री सेंथिल बालाजी यांना अटक केली आणि त्याच दिवशी राज्याने सीबीआयला दिलेली सर्वसाधारण संमती काढून घेतली. राज्यपाल आर. एन. रवी यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस बालाजींना परस्पर बडतर्फ केले आणि काही तासांतच तो आदेश स्थगित ठेवला. दुसरीकडे अण्णाद्रमुकच्या माजी मंत्र्यांवर खटला भरण्याच्या मंजुरीच्या फायली याच राजभवनात पडून राहिल्याची तक्रार घेऊन राज्य सरकारला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. आणि डिसेंबर २०२३ मध्ये तर राज्याच्या लाचलुचपत पथकाने सक्तवसुली संचालनालयाच्याच एका अधिकाऱ्याला वीस लाखांच्या लाचेप्रकरणी दिंडिगल येथे पकडले. पथकाने नेमके त्याच वेळी आपले कर्तव्य इतक्या तत्परतेने का बजावले, हा प्रश्न विचारणारे विचारतातच. पण पैसे खरे होते.

अधिकारी वर्गापुढची अडचण यातून स्पष्ट व्हावी. मालमत्तेच्या खटल्यात इमारतीचे मूल्यांकन सार्वजनिक बांधकाम खात्याचा अभियंता करतो, जमिनीचे नोंदणी खाते, दागिन्यांचे सरकारी मूल्यमापक. सरकार बदलले की याच मंडळींना साक्षीला उभे राहायचे असते, आणि त्यांची पुढची बदली व बढती नव्या सरकारच्या हाती असते. यू. सहायम या सनदी अधिकाऱ्याने आपली मालमत्ता २००९ साली स्वतःहून जाहीर केली, मदुराईच्या ग्रॅनाइट खाणींतील लूट उघडकीस आणली; त्यांच्या वाट्याला वीसहून अधिक बदल्या आल्या आणि अखेर त्यांनी मुदतीपूर्वीच सेवा सोडली. मराठी मुलखातून येऊन तमिळनाडू केडरमध्ये रुजलेल्या अधिकाऱ्यांनाही हे गणित पाठ आहे. ते चुकवता येत नाही म्हणून अनेक जण फायलीवर कमीत कमी लिहितात.

या सगळ्यात सामान्य माणूस कुठे आहे, हे पाहण्यासाठी सेंथिल बालाजी यांच्याच मूळ प्रकरणाकडे जावे लागते. २०११ ते २०१५ या काळात ते जयललिता मंत्रिमंडळात परिवहनमंत्री होते. राज्य परिवहन महामंडळांत चालक, वाहक, कनिष्ठ अभियंते अशा पदांसाठी उमेदवारांकडून पैसे घेतल्याचे आरोप झाले. ज्यांना पैसे देऊनही नोकरी मिळाली नाही, त्यांनी तक्रारी केल्या. तपास रखडत राहिला. मंत्र्यांनी २०१८ साली पक्ष बदलला आणि २०२१ साली ते द्रमुक सरकारात पुन्हा मंत्री झाले. त्याच वर्षी जुलैत, तक्रारदार आणि आरोपी यांच्यात समझोता झाला या कारणास्तव उच्च न्यायालयाने एक खटला रद्द केला. पैसे परत मिळाले, तक्रार संपली.

सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा समझोता धुडकावला. नोकरीसाठी लाच घेण्याचा गुन्हा दोन व्यक्तींमधला नसतो. तो समाजाविरुद्धचा गुन्हा असतो, असे न्यायालयाचे म्हणणे. ज्याने पैसे दिले नाहीत म्हणून ज्याची निवड झाली नाही, तो उमेदवार त्या समझोत्यात कुठेच नव्हता. त्याचे पैसे परत करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याने ते दिलेलेच नव्हते. त्याने घालवली होती ती नोकरी. सावकारपेठेत गलाईचा धंदा करणाऱ्या खानापूर-आटपाडीच्या कुटुंबांपासून मुंबईत महापालिकेच्या भरतीची वाट पाहणाऱ्या तरुणांपर्यंत, हा अदृश्य उमेदवार कोण असतो हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

बालाजी यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये राजीनामा दिला, सप्टेंबरात त्यांना जामीन मिळाला आणि तीन दिवसांत ते पुन्हा मंत्री झाले. जामीन मिळताच मंत्रिपद, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने नापसंती व्यक्त केली. मंत्रिपद की स्वातंत्र्य, असा पर्याय समोर ठेवला गेल्यावर एप्रिल २०२५ च्या अखेरीस त्यांनी दुसऱ्यांदा राजीनामा दिला.

खटला मात्र दुसऱ्याच दिशेने वाढत गेला. आरोपींची संख्या दोन हजारांवर आणि साक्षीदारांची पाचशेवर गेली. कारण ज्यांनी पैसे दिले, त्या उमेदवारांनाही आरोपी करण्यात आले. जुलै २०२५ च्या अखेरीस हे आकडे समोर आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने विचारले की एवढ्या लोकांची हजेरी घ्यायला क्रिकेटचे मैदान लागेल काय. मंत्र्यांच्या हयातीत हा खटला संपूच नये असा हा प्रयत्न दिसतो, असेही खंडपीठाने म्हटले आणि राज्य सरकारकडून आरोपी-साक्षीदारांची संपूर्ण यादी मागवली. त्या यादीत घर किंवा दागिने गहाण टाकून वाहकाच्या नोकरीसाठी पैसे मोजणारा उमेदवार आणि ते पैसे ज्यांच्यापर्यंत पोहोचल्याचा आरोप आहे ते मंत्री, दोघेही आरोपीच आहेत.